भरलेली वाघीण कुठे उतरत होती? टाईनकाठच्या बंद कोळसा-रेल्वेचा पायी माग

बंद पडलेल्या कोळसा-रेल्वेच्या कुठल्याही तुकड्यावर उभे राहिलात की आधी एकच प्रश्न विचारा: भरलेली वाघीण, म्हणजे कोळशाचा रेल्वे-डबा, इथून कोणत्या बाजूला जात होती, आणि तिला आवरत काय होतं? रूळ उचलून नेलेले असतात, स्लीपर कुजलेले असतात, इंजिनघराच्या जागी बर्च वाढलेले असतात. पण कोळशाचं वजन आणि जमिनीचा उतार यांचा हिशेब जमिनीत तसाच राहतो. तो हिशेब लावता आला की झुडपांत पडलेला दगड, उगाच रुंद झालेली वाट, डोंगरमाथ्यावरचं छोटं तळं, सगळ्यांचा अर्थ लागायला लागतो.

इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर हे सर्वांत चांगलं शिकता येतं. खाणी टेकडीवर आणि नदी खाली. नदीत लंडनला कोळसा नेणारी गलबतं उभी. मधल्या दहा-पंधरा किलोमीटरसाठी आधी लाकडी रुळांचे घोडागाडीमार्ग झाले, मग दोरावर चालणारे उतार, मग वाफेची इंजिनं. लोखंडी रुळांवरची रेल्वे जगभर गेली ती याच मातीतून. मी इथे राहायला आल्यापासून सुट्टीचे कितीतरी दिवस या वाटांवर घालवले आहेत. दोन दिवसांत दोन वाटा कशा चालायच्या, ते खाली सविस्तर लिहितो. पहिली टॅनफील्डची वाट, १७२५ ची. दुसरी बोझ रेल्वे, १८२६ ची. पद्धत एकदा हाताला बसली की तीच डरहॅममध्ये किंवा वेल्समध्ये कुठेही वापरता येईल.

आधी घरी बसून

निघण्याआधीची संध्याकाळ नकाशाला द्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-खात्याचे जुने नकाशे फुकट बघायला मिळतात, आणि ते फक्त स्कॉटलंडचे नाहीत, इंग्लंडचेही आहेत. तिथे पडदा दुभागून डावीकडे एकोणिसाव्या शतकातला नकाशा आणि उजवीकडे आजचं उपग्रहचित्र लावता येतं. मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर अख्खी लाईन शोधा, मग मैलाला पंचवीस इंचांच्या नकाशावर तिचा एकेक तुकडा बघा. या मोठ्या नकाशावर एकेक फाटा, एकेक झोपडी आणि पाण्याची टाकीसुद्धा दाखवलेली असते.

नकाशावरची भाषा ओळखता आली पाहिजे. 'वॅगनवे' म्हणजे घोड्याच्या काळातली लाईन. तिच्याआधी 'ओल्ड' लिहिलं असेल, तर नकाशा काढला तेव्हाच ती बंद पडलेली होती. 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणजे दोरावर चालणारा सरळ उतार. 'इंजिन हाऊस' उताराच्या डोक्यावर दिसलं तर ते दोर ओढणाऱ्या इंजिनाचं. 'स्टेथ' म्हणजे नदीत घुसलेला कोळशाचा धक्का. 'ओल्ड शाफ्ट', म्हणजे खाणीत उतरणारा जुना उभा खड्डा, हा शब्द दिसला की तांबड्या पेनाने गोल करून ठेवा, कारण पुढे लिहितोय.

त्याच संकेतस्थळावर लायडारचा थरही आहे. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजतात आणि झाडझाडोरा वजा करून उघडी जमीन दाखवतात. जंगलात उभं राहून जे दिसत नाही ते इथे दिसतं: भरावाची सलग कड, ओढ्यापाशी तुटलेली, पलीकडे पुन्हा सुरू झालेली. जुना नकाशा आणि लायडार जिथे जुळतात तिथेच पाय घाला.

शेवटी आजच्या नकाशावरच्या समोच्च रेषा मोजा. खाण किती उंचीवर, नदी किती खाली, मधल्या कोणत्या टप्प्यात रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत. चिकटलेल्या जागी घोडा किंवा साधं इंजिन पुरलं नसणार, म्हणजे तिथे दोर असणार. हा अंदाज घरीच कागदावर लिहून ठेवा. जागेवर जाऊन तो बरोबर निघाला की होणारा आनंद मी शब्दांत नीट सांगू शकत नाही, पण त्यासाठीच मी हे करतो.

चालायची परवानगी

जुनी लाईन दिसली म्हणून तिच्यावर चालायचा हक्क मिळत नाही. इंग्लंडमध्ये वाटेचा हक्क ठरलेला असतो. पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही चालणारी. बंद लाईनचा बराच भाग नगरपालिकांनी चालण्या-फिरण्यासाठी खुला केला आहे, 'बोझ रेल्वे पाथ' आणि 'टॅनफील्ड रेल्वे पाथ' ही त्यांतलीच नावं. पण मधला एखादा तुकडा शेतकऱ्याच्या कुंपणात गेलेला असतो. तिथे वळसा घाला किंवा घर गाठून विचारा. विचारल्यावर मला नकार क्वचित मिळाला, आणि अनेकदा 'आमच्या गोठ्याच्या पायरीला तसला दगड आहे, बघायचाय का?' असं आमंत्रणही मिळालं.

या विषयात एक गंमतीशीर सत्य आहे: जमीनमालकाची परवानगी हा प्रश्न या लाईनींच्या जन्मापासूनचा आहे. खाणवाल्याला दुसऱ्याच्या शेतातून कोळसा न्यायचा तर 'वेलीव्ह' नावाचं भाडं द्यावं लागे, आणि काही मालकांना ते खाणीपेक्षा फायद्याचं पडे. सपाट जागेत लाईन उगीच वळलेली दिसली, उताराचं कारण लागू पडत नाही असं वाटलं, की समजा कुणीतरी जागा दिली नव्हती.

टॅनफील्डचा काही भाग अजून जिवंत आहे. सनीसाइडपासून ईस्ट टॅनफील्डपर्यंत सुमारे तीन मैल वारसा-रेल्वे चालते. तिच्या रुळांवर पाऊल टाकायचं नाही, गाडी नसलेल्या दिवशीही नाही. वाट शेजारून आहे.

कधी जायचं आणि काय न्यायचं

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचं नेचं छातीपर्यंत वाढतं आणि झोंबणारी नेटल भराव पूर्ण झाकून टाकते. तेव्हा चालणं छान होतं, बघणं होत नाही. हिवाळ्यातला कलता सूर्य हा तुमचा सर्वांत मोठा मदतनीस. वीतभर उंचवट्याचीही सावली पडते आणि दुपारी सपाट वाटलेलं कुरण सकाळी नऊला रेघांनी भरलेलं दिसतं. फक्त डिसेंबरात इथे सूर्य साडेआठला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, हे ध्यानात ठेवून चालणं बेता.

घोट्यावर येणारे बूट, पावसाचा कोट, कागदी नकाशा, तीन मीटरची टेप, वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई पावसात जाते), टॉर्च, भरलेला फोन. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप टाकून घ्या. थर्मासमध्ये चहा. खायला कुठल्याही स्थानिक बेकरीतून स्टॉटी घ्या. भाकरीएवढा गोल, जाड, दातांना काम देणारा पाव असतो. आत हॅम आणि पीज पुडिंग घालून देतात. शाकाहारी असाल तर नुसतं पीज पुडिंग, म्हणजे शिजवून घोटलेली वाटाण्याची डाळ, मागा. आपल्या जिभेला ती अजिबात परकी वाटत नाही.

पहिला दिवस: कॉझीची कमान

न्यूकॅसलहून स्टॅन्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉझी नावाची जागा आहे. गाडी लावायची सोय आहे, तिथून दहा-पंधरा मिनिटांत वाट ओढ्याच्या घळीत उतरते. घळीतून वर बघितलं की कमान दिसते. १७२५-२६ मध्ये राल्फ वुड नावाच्या गवंड्याने बांधलेली, सुमारे ३२ मीटरचा एकच गाळा, ओढ्यापासून जवळपास २४ मीटर उंच. टिकून राहिलेला हा जगातला सर्वांत जुना एकगाळी रेल्वे-पूल मानतात. पहिली प्रवासी आगगाडी धावायच्या आधी शंभर वर्षं. आपल्याकडे तेव्हा थोरले बाजीराव पेशवेपदावर होते.

घाईने वर चढू नका. आधी खालून बघा आणि आपला प्रश्न विचारा. एवढी रुंद कमान का? कारण वर दोन रूळमार्ग होते. 'मेन वे'वरून भरलेल्या वाघिणी नदीकडे जात, 'बाय वे'वरून रिकाम्या परत येत. रोज नऊशेच्या वर वाघिणींची ये-जा या पुलावरून होई असं सांगतात. एका वाघिणीत एक न्यूकॅसल चॉल्ड्रन कोळसा, म्हणजे ५३ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबाने सुमारे २.७ टन. एक घोडा, एक माणूस, एक वाघीण. चढावर आणि सपाटीला घोडा पुढे. मोठा उतार आला की घोडा सोडून मागे बांधायचा आणि माणसाने चाकावर दाबणाऱ्या लाकडी दांड्यावर बसायचं. त्या दांड्याला 'कॉन्व्हॉय' म्हणत. भरलेल्या वाघिणीला आवरणारी गोष्ट ती एवढीच: एक लाकूड आणि एका माणसाचं वजन. पावसात ओल्या लाकडी रुळावर काय होत असेल ते तिथे उभं राहून डोळ्यांसमोर आणा.

हा मार्ग ज्यांनी बांधला त्यांना 'ग्रँड अलाइज' म्हणत, लिडेल, बोझ आणि मॉन्टॅग्यू या कोळसामालक घराण्यांची युती. त्यातल्या बोझ घराण्याचं नाव उद्याच्या वाटेवर पुन्हा भेटेल. वुडबद्दल इथे एक कथा सांगतात: याआधीचा त्याचा लाकडी पूल कोसळला होता, ही कमानही पडेल या धास्तीने त्याने जीव दिला. कथा खरी की कशी, ते बाजूला ठेवा. कमान तीनशे वर्षं उभी आहे. टॅनफील्डच्या खाणीला १७४० च्या सुमारास आग लागली आणि पुलाचं काम फार लवकर संपलं. पुढे पडझड झाली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डागडुजी करून तो वाचवला.

आता वर जा. पुलाजवळ जुन्या पद्धतीची वाघीण पुन्हा बनवून ठेवली आहे. तिच्या पेटीच्या बाजू खाली निमुळत्या होत जातात. का? तळाचं झाकण उघडलं की सगळा कोळसा आपोआप खाली पडावा म्हणून. म्हणजे शेवटच्या टोकाला, नदीवर, वाघीण जहाजाच्या वर येत असणार. एका पेटीच्या आकारावरून दहा-बारा किलोमीटर दूरच्या धक्क्याची उंची कळते, ती अशी.

पुलाकडून घळीच्या वरच्या अंगाला गेलात की त्याच काळातला मोठा भराव लागतो, जवळपास ३० मीटर उंच, आणि त्याच्या पोटातून दगडी मोरीने ओढा नेलेला. बहुतेक लोक कमानीचा फोटो काढून परततात, भरावाकडे कुणी बघत नाही. माझ्या मते मोठं काम भरावाचं आहे. ही सगळी माती फावडी, टोपल्या आणि घोडे यांनी वाहिली. आणि वारसा-रेल्वेच्या वाफेच्या गाड्या आजही त्याच्यावरून धावतात. रविवारी आलात तर गाडी येईपर्यंत खालच्या वाटेवर थांबा.

तिथून वाट पकडून मार्ली हिलकडे निघा. वाटेवर लाकडी रूळ शोधू नका, ते राहिलेले नाहीत. १८३९ मध्ये इथे लोखंडी रूळ आले, १८८१ मध्ये वाफेची इंजिनं, आणि १९६४ मध्ये लाईन बंद झाली. लाकडी रुळांचा खरा तुकडा बघायचा राहिला असेल तर त्याची गोष्ट ऐकून ठेवा: २०१३ मध्ये टाईनच्या उत्तर काठावर वॉल्सएंडजवळ विलिंग्टन वॅगनवेचे सुमारे २५ मीटर लाकडी रूळ जमिनीखाली सापडले, आणि त्यासोबत एक उथळ डबकं. वाघिणींची लाकडी चाकं वाळून तडकू नयेत म्हणून त्यांना भिजवायची ती जागा. आपल्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक ढिलं होऊ नये म्हणून पाण्यात बसवत, तेच कारण.

मार्ली हिलला १८५४ ची इंजिनशेड आहे आणि आजही तिथे इंजिनांची दुरुस्ती होते. उघडी असेल तर आत जा. कोळसा, गरम तेल आणि ओलं लोखंड यांचा जो वास येतो तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही. इथेच टॅनफील्डची लाईन आणि बोझ रेल्वे एकमेकींना छेदत होत्या, म्हणून पहिला दिवस संपवायला हीच जागा बरी.

जमीन वाचायची कशी

दुसऱ्या दिवसाआधी हे सांगायलाच हवं, कारण पहिल्या काही वेळा मी इथेच चुकलो. एकदा मी दोन तास एका छान भरावावरून चाललो, फोटो काढले, नकाशावर रेघ मारली. घरी येऊन उंची तपासली तर 'लाईन' नदीपासून दूर चढत गेली होती, भरलेली वाघीण टेकडीत घुसत होती! तो शेतातल्या पाण्याचा जुना बांध होता. तेव्हापासून दर पाचशे पावलांवर उतार मोजून वहीत लिहितो.

रुंदी बघा. एकेरी लाईनचा माथा साधारण तीन-चार मीटर. अचानक दुप्पट झाला तर तिथे वाघिणी बाजूला घ्यायची जागा होती. पायाखालची माती बघा: काळी, हलकी, चुरचुरीत असेल तर ती इंजिनांची राख आणि खाणीचा कचरा. त्या राखेवर बर्च आणि बडलिया सर्वांत आधी उगवतात, आजूबाजूच्या कुरणात ती नसतात. झाडांची एक सरळ रांग कुरणातून जाताना दिसली तर बहुतेक वेळा ती लाईनच.

मग चौकोनी दगड. दोन फुटांच्या आसपासचा ठोकळा, वरच्या बाजूला दोन किंवा चार भोकं. हे दगडी स्लीपर. मधल्या जागेत घोड्याला मोकळं चालता यावं म्हणून आडवं लाकूड टाळत आणि दोन्ही रुळांखाली स्वतंत्र दगड बसवत. भोकात ओकची खुंटी ठोकून तिच्यात खिळा मारत आणि रूळ धरून ठेवणारी लोखंडी चेअर बसवत. दगड मूळ जागी रांगेत असतील तर समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर टेपने मोजा आणि रुळांमधलं अंतर किती असेल याचा अंदाज करा. आज जगात सर्वांत जास्त वापरात असलेली १४३५ मिलिमीटरची रूळरुंदी याच भागातल्या खाणरस्त्यांवरून आली आहे. बरेच दगड मात्र जागा सोडून गेलेत. ते भिंतीत, पुलाच्या कठड्यात, बागेच्या पायऱ्यांत शोधा. भोक असलेला दगड भिंतीत दिसला की जवळपास लाईन होती, एवढं तरी नक्की.

दुसरा दिवस: किबल्सवर्थ ते स्प्रिंगवेल

बोझ रेल्वेचा पहिला भाग जॉर्ज स्टीफन्सनने आखला. १७ जानेवारी १८२६ रोजी स्प्रिंगवेलकडून टाईनवरच्या जॅरोपर्यंत ती सुरू झाली. पुढे ती पश्चिमेकडच्या खाणींना जोडत वाढली आणि १८५५ पर्यंत एकूण पंधरा मैलांची झाली. दोन्ही टोकांना इंजिनं आणि मधले सुमारे सहा मैल दोरावर. कारण सोपं आहे: मध्ये टीम नदीचं खोरं आडवं येतं. कोळशाला एक टेकडी उतरून दुसरी चढावी लागे, मग पुन्हा नदीकडे उतरावं लागे.

किबल्सवर्थ गावातून सुरुवात करा आणि पूर्वेकडे चाला. कोळसा याच दिशेने गेला, तुम्हीही त्याच दिशेने जा. हा नियम मी कधी मोडत नाही. उलट चाललं की चढ-उतारांचा अर्थ उलटा लागतो. स्प्रिंगवेलपर्यंत साधारण ५-६ किलोमीटर. थांबत, मोजत गेलात तर चार तास धरा.

गावातून खोऱ्याकडे उतरताना वाट जशी झुकते ती बघा. इथे वाघिणी स्वतःच्या वजनाने जात. विहिरीवर एकाच कप्पीला दोन्ही टोकांना घागरी बांधल्या, भरलेली खाली सोडली की रिकामी वर येते, तसंच: डोक्यावरच्या मोठ्या चाकाला दोर, खाली जाणारा भरलेला सेट (एकमेकींना जोडलेल्या वाघिणींची रांग) वर येणाऱ्या रिकाम्या सेटला ओढतो. ना वाफ, ना घोडा. अशा उताराच्या बरोबर मध्यावर दोन्ही सेट एकमेकांना ओलांडतात, म्हणून तिथे रूळमार्ग दुहेरी करावा लागतो. त्या जागेला 'मीटिंग्ज' म्हणत. मध्य गाठून वाटेची रुंदी मोजा. बांधणी फारशी बदलली नसेल तर फरक सापडतो.

खोऱ्याच्या तळाला लंडन-एडिंबरा मुख्य लाईनची गाठ पडते, आणि डावीकडे वर 'एंजल ऑफ द नॉर्थ' हा पंख पसरलेला पुतळा दिसतो. २० मीटर उंच, १९९८ चा. तो ज्या जागेवर उभा आहे तिथे टीम कोलियरीच्या कामगारांची न्हाणीघरं होती. या वाटेवरून त्याच्याकडे बघितलं तर पुतळा निव्वळ शोभेचा वाटत नाही.

आता समोर ब्लॅक फेलचा चढ. आपला प्रश्न इथे बदलतो: भरलेली वाघीण वर जाते आहे, म्हणजे तिला कुणीतरी ओढायला हवं. इंजिन कुठे असेल? नेहमी माथ्यावर, मोटेच्या धावेसारखं, वरून खेचणारं. आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, म्हणून माथ्याजवळ तळं किंवा टाकीची जागा शोधा. माथ्यावर वाट थोडी फुगून पुन्हा उतरते का तेही बघा. त्या फुगवट्याला 'किप' म्हणत. दोराने सेट किपवर आणायचा, दोर सोडायचा, आणि पुढे वाघिणी आपोआप घरंगळत जाव्यात. अख्ख्या रचनेत हाताने ढकलायचं काम शिल्लक ठेवलेलं नाही. सेटच्या टोकावर उभं राहून दोर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या माणसाला 'बँक रायडर' म्हणत. चालत्या वाघिणीवर, पावसात, बर्फात. माथ्यावर वारा कानात शिरला की मला त्यांची आठवण होते.

पुढे एटन बँक्स, मग ब्लॅकहॅम्स हिल. इथे माथ्यावरचं एकच इंजिनघर दोन्ही बाजूंचे उतार सांभाळत असे. शेवटी स्प्रिंगवेल. इथली खाण १९३२ मध्ये बंद झाली आणि तिच्या इमारतींत वाघिणींची कर्मशाळा निघाली. किबल्सवर्थची खाण १९७४ मध्ये संपली तेव्हा दोराचे उतारही थांबले. त्यानंतर ब्लॅक फेल ते स्प्रिंगवेल हा सव्वा मैलाचा तुकडा जतन करण्यासाठी घेतला गेला, आणि आज तो संरक्षित स्मारक आहे. संग्रहालय उघडं असण्याचे दिवस मोजके असतात, निघण्याआधी तपासा. आत रुळांमधले ते लोखंडी रोलर बघा ज्यांच्यावरून दोर सरकत असे. झुडपात असा रोलर गंजून पडलेला दिसला तर दोर कुठून जायचा ते समजेल.

स्प्रिंगवेलच्या टोकावर उभं राहून मी दर वेळी घरचा विचार करतो. हा उतार आखणाऱ्या जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन पुढे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली त्याच्याच शिफारशीने मुंबईला आला, बोरीबंदर-ठाणे लाईन त्याने बांधली आणि भोर घाटाची आखणीही त्यानेच केली. घाट १८६३ मध्ये खुला झाला, ते बघायला बर्कली राहिला नाही, १८६२ मध्येच गेला. भोर घाटात १ : ३७ च्या चढावर दोर नाही, मागून इंजिनं लावतात, आणि सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग, म्हणजे बाजूचे चढते फाटे, आहेत. उपाय वेगळे, प्रश्न तोच: वजन उतारावर आहे, त्याला आवरायचं कसं? कर्जतला गाडीला मागून इंजिन लागताना तो ओळखीचा धक्का बसतो ना, त्याच धक्क्याची पूर्वपीठिका या टेकडीवर आहे.

जिथे पुढे जायचं नाही

नकाशावर तांबड्या पेनाने केलेले गोल आठवतात? जुने खड्डे अनेकदा नुसत्या फळ्यांनी आणि मातीने झाकलेले असतात. कुरणात बशीसारखी खोलगट जागा दिसली, भोवती काळी माती दिसली, की तिच्यात उतरू नका. डोंगराच्या पोटात जाणारं भोक दिसलं तर तोंडाशीही वाकू नका. आत साचलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, त्याला वास नसतो, आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. नवीन खचलेली जागा दिसली तर लांब राहून जागेचा ग्रिड क्रमांक घ्या आणि मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटीला कळवा, पूर्वीची कोल ऑथॉरिटी ती हीच. कुणी अडकलं असेल तर ९९९.

मोडकी इंजिनघरं बाहेरूनच बघायची. आणि काही उचलायचं नाही, खिळासुद्धा नाही. संरक्षित स्मारकावर खोदणं किंवा परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं: जागेवरचा खिळा रूळ कुठे होता ते सांगतो. तुमच्या कपाटातला खिळा काहीच सांगत नाही.

नोंद

प्रत्येक सापडलेल्या गोष्टीचे दोन फोटो काढा, एक जवळून शेजारी टेप ठेवून, दुसरा लांबून, आजूबाजूची जमीन दिसेल असा. वहीत ग्रिड क्रमांक, माप, उताराची दिशा, आणि तुमचा अंदाज. अंदाज आणि बघितलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, महिन्याभराने दोन्ही एकच वाटायला लागतात. टाईन अँड वेअर भागाच्या पुरातत्त्व नोंदी 'साइटलाइन्स' या संकेतस्थळावर आहेत, डरहॅम आणि नॉर्थम्बरलँडच्या 'कीज टू द पास्ट'वर. तुमचा दगड तिथे नसेल तर कळवा. परदेशातून आलेल्या माणसाची नोंद कोण घेणार, असं मनात आणू नका. मी कळवलेल्यावर उत्तर आलं आहे.

आणि गावातल्या वयस्कर लोकांशी बोला. १९७४ मध्ये विशीत असलेली माणसं अजून भेटतात. 'इथे काय होतं?' असं विचारू नका, उत्तर 'रेल्वे' असं येतं. 'सेट सुटला तर काय करायचात?' असं विचारा. मग खाली बसायला जागा शोधा, कारण वेळ लागतो.

शेवटचा टप्पा, नदीवर

अंगात ताकद उरली असेल तर दुसऱ्या दिवशीच, नाहीतर वेगळी दुपार काढून डन्स्टनला जा. १८९३ मध्ये उघडलेले डन्स्टन स्टेथ्स गेट्सहेडच्या काठाने नदीत उभे आहेत, ५२६ मीटर लांब, सगळे लाकडाचे. युरोपातली सर्वांत मोठी लाकडी बांधणी ती हीच असं मानतात. १९८० मध्ये ते बंद झाले, २००३ मध्ये आगीत एक भाग जळाला. भरतीला ते लांबट पुलासारखे दिसतात. ओहोटीला जा. पाणी उतरलं की खांबांची उंची उघडी पडते आणि कळतं की वाघिणी जहाजाच्या किती वरून येत असत. काल कॉझीला पेटीचा निमुळता तळ बघून केलेला अंदाज वहीतून काढा आणि शेजारी उंची लिहा. ओहोटीची वेळ टाईनच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. काठावरचा चिखल मात्र खोल आहे, पायवाट सोडून खाली उतरू नका.